वाशिष्ठी ते दाभोळ: नदी, खाडी आणि समुद्राच्या पाण्यावर नजर कशी ठेवावी

पाणी तपासायला नव्याने निघालेला माणूस सहसा पहिला प्रश्न विचारतो तो कोणते यंत्र विकत घ्यावे हा. कोकणातल्या खाड्यांवर त्याआधी विचारायचा प्रश्न निराळा आहे, आणि तो म्हणजे पाणी किती वाजता घ्यावे. एकाच धक्क्यावर सकाळी भरलेली बाटली आणि दुपारी भरलेली बाटली यांत इतका फरक असू शकतो की, एक नदीची आणि दुसरी समुद्राची वाटावी. आम्ही काही जणांनी सुरुवातीला दर रविवारी सकाळी, सगळ्यांच्या सोयीच्या वेळी, खाडीचे पाणी मोजले. काही महिन्यांनी आलेख काढला तेव्हा पाणी एका रविवारी बिघडते आणि पुढच्या रविवारी सुधारते, असे दिसू लागले. कारखान्यांचे काही पाळीपत्रक असावे, असा तर्कही कोणी लढवला. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवडाभरात जवळजवळ सहा तासांनी. त्यामुळे आम्ही एका रविवारी भरतीचे पाणी मोजत होतो आणि पुढच्या रविवारी ओहोटीचे. ती सगळी मेहनत वाया गेली नाही, कारण वेळ लिहून ठेवलेली होती. पण निष्कर्ष मात्र फेकून द्यावे लागले.

पुढची पद्धत वाशिष्ठी नदीचे उदाहरण धरून सांगितली आहे. ही नदी सह्याद्रीत उगम पावून चिपळूण शहरातून जाते, पुढे खाडी होते आणि दाभोळ व अंजनवेल यांच्यामधून अरबी समुद्राला मिळते. तिचे एक वैशिष्ट्य नवख्याने आधीच लक्षात घ्यावे. कोयना प्रकल्पात वीज तयार करून झालेले पाणी कोळकेवाडी धरणात येते, तिथे पुन्हा वीजनिर्मिती होते आणि मग ते पाणी वाशिष्ठीत सोडले जाते. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात, तर वाशिष्ठी मे महिन्यातही वाहती असते, आणि तिची पातळी पावसावर नव्हे तर वीजगृह चालू आहे की बंद यावर ठरते. खेड आणि चिपळूण यांच्यामधली लोटे-परशुराम ही रासायनिक औद्योगिक वसाहत, चिपळूणचे सांडपाणी, काठावरची भातशेती आणि खाजणे (भरतीचे पाणी शिरणाऱ्या जमिनी) या सगळ्यांचा परिणाम शेवटी त्याच खाडीत एकवटतो.

आधी प्रश्न, मग जागा

"पाणी चांगले आहे का" हा प्रश्न मोजता येत नाही. "शहरातून बाहेर पडताना नदीतला प्राणवायू किती कमी होतो" किंवा "तिसऱ्या (एक प्रकारचे शिंपले) काढतात त्या जागेच्या पाण्यात विष्ठेतले जिवाणू किती असतात" हे प्रश्न मोजता येतात. एका गटाने पहिल्या वर्षी एकच असा प्रश्न घ्यावा.

प्रश्न ठरला की जागा आपोआप सुचतात. वाशिष्ठीसाठी सहा जागा पुरतात: कोयनेचे पाणी मिसळण्याच्या वरच्या अंगाला एखादा साकव, ते मिसळल्यावर पण शहराच्या आधी एक जागा, शहर संपल्यावर गोवळकोटच्या बाजूला एक, खाडीच्या मधल्या भागातली एक जेटी, दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा मार्ग आणि खाडीच्या मुखाबाहेर गुहागरचा किनारा. वरची जागा वगळण्याचा मोह होतो, कारण तिथे "काही घडत नाही". तीच जागा सर्वांत मोलाची आहे. खाली काय बिघडले हे सांगायला वर काय होते हे माहीत असावे लागते. नाला जिथे नदीला मिळतो तिथेच बाटली बुडवू नये, कारण तिथे फक्त नाल्याचे पाणी मिळते; दोन्ही पाणी पूर्ण मिसळेल इतके खाली जावे आणि नाल्याचा स्वतंत्र नमुना हवा असेल तर तो वेगळा घ्यावा.

पूल, साकव, जेटी आणि फेरीबोट यांवरून दोरी-बादलीने पाणी घेता येते, म्हणून अशाच जागा निवडाव्यात. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत, ओहोटीला उघडा पडणारा चिखल माणसाला मांडीपर्यंत ओढतो आणि वीजगृहाचे पाणी सुटल्यावर नदीची पातळी ऊन असतानाही वाढते. पाण्यात उतरून नमुना घ्यायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा आणि एकट्याने जाऊ नये.

भरतीचे गणित

कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, जिला दक्षिणेकडे मालवणीत सुकती म्हणतात. ही वेळ ढोबळ आहे आणि ती किनाऱ्याची आहे. खाडीत वर जावे तशी भरती उशिरा पोहोचते, आणि किती उशिरा, हे प्रत्येक जागी स्वतः पाहावे लागते. त्यासाठी एक दिवस पूर्ण खर्च करावा: जेटीच्या खांबावर रंगाने दर १० सेंटिमीटरला खूण करावी आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी लिहावी. किनाऱ्याच्या छापील भरतीपत्रकाशी ती ताडून पाहिली की त्या जागेचा फरक हाती येतो. हा एक दिवस पुढच्या अनेक वर्षांच्या नोंदींना आधार देतो. फेरीबोटीवरच्या खलाशाला आणि पाग (फेकायचे जाळे) टाकणाऱ्या माणसाला हा फरक तोंडपाठ असतो. त्यांना विचारावे, पण मोजूनही पाहावे.

त्यानंतर एक ठराविक अवस्था निवडून तिला चिकटून राहावे. जमिनीवरून येणाऱ्या प्रदूषणाचा शोध घ्यायचा असेल तर ओहोटी संपतानाची वेळ योग्य, कारण तेव्हा खाडीत नदीच्या पाण्याचा वाटा सर्वाधिक असतो. उधाणाच्या दिवसांत पाणी जोराने ये-जा करते आणि तळाचा चिखल ढवळून निघतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी संथ असते आणि घाण एका जागी रेंगाळते. म्हणून महिन्यातून एकदाच मोजणार असाल तर दर महिन्याला एकाच तिथीच्या आसपास मोजावे. कॅलेंडरवरची तारीख नव्हे, तर तिथी पाहून दिवस ठरवावा. पंचांग इथे उपकरणाच्या पेटीत ठेवण्याची वस्तू आहे, हे शहरातून आलेल्या स्वयंसेवकांना पटवायला थोडा वेळ लागतो.

क्षार आणि तापमान

प्रत्येक नमुन्याबरोबर या दोन गोष्टी मोजल्याच पाहिजेत, कारण बाकीच्या आकड्यांचा अर्थ त्यांच्यावरच ठरतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीत ते जवळजवळ नसतात. खाडीत मधली कोणतीही संख्या येऊ शकते. क्षार मोजायला हातात धरायचा अपवर्तनमापी पुरतो: काचेवर दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून रेघ वाचायची. दर वेळी आधी ऊर्ध्वपातित पाण्याने शून्य जुळवून घ्यावे. घरगुती गाळणीबरोबर मिळणारा टीडीएस मीटर खाडीत कुचकामी आहे, कारण समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता सुमारे ५०,००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते आणि त्या खिशातल्या मीटरची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी संपते.

खाडीत गोडे पाणी हलके म्हणून वर आणि खारे पाणी जड म्हणून खाली, असे थर असू शकतात, विशेषतः पावसाळ्यात. म्हणून जिथे खोली दोन मीटरपेक्षा अधिक आहे तिथे वरचा आणि तळाजवळचा असे दोन नमुने घ्यावेत. तळाच्या नमुन्यासाठी महागडे यंत्र नसले तरी चालते. जाड काचेच्या बाटलीला शिशाचे वजन बांधावे, तोंडाला बूच लावून त्या बुचाला वेगळी सुतळी बांधावी, बाटली हव्या त्या खोलीवर गेली की सुतळीला झटका द्यावा, आणि बुडबुडे थांबले की वर ओढावे. क्षार आणि जिवाणू यांच्यासाठी ही बाटली चालते. प्राणवायूसाठी मात्र नाही, कारण बाटलीत शिरणारे पाणी आतल्या हवेत मिसळते.

प्राणवायू

पाण्यात विरघळलेला प्राणवायू हा आकडा नवख्यांनी सर्वांत काळजीपूर्वक शिकावा. तो पाण्याच्या तब्येतीविषयी सर्वाधिक सांगतो आणि सर्वाधिक फसवतोही.

३० अंश सेल्सिअस तापमानाला हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात दर लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर त्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास. म्हणजे साकवाखाली ७ आणि गुहागरला ६ असा आकडा आला, तर समुद्र बिघडलेला आहे असे नाही. दोन्ही पाणी जवळपास तृप्त आहेत. या कारणाने आकड्यासोबत तृप्ततेची टक्केवारीही लिहावी. प्रोबचा मीटर वापरत असाल तर त्याला क्षारतेचा आकडा प्रत्येक ठिकाणी नव्याने सांगावा लागतो. हे विसरले की मीटर खाऱ्या पाण्याला गोडे समजतो आणि प्राणवायू सुमारे पाचव्या हिश्शाने जास्त दाखवतो. आणि दिसायला छान आकडा आल्यामुळे ती चूक कोणी शोधत नाही.

यंत्र नसेल तर १८८८ मध्ये विंकलर यांनी मांडलेली रासायनिक पद्धत आजही विश्वासार्ह आहे आणि कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला ती येते. ३०० मिलिलिटरची काचेची बीओडी बाटली (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो प्राणवायू) घ्यावी, नळी तिच्या तळापर्यंत नेऊन पाणी सावकाश भरावे आणि काही वेळ वरून सांडू द्यावे, जेणेकरून हवेशी संपर्क आलेले पहिले पाणी निघून जाईल. मग मॅंगनीज सल्फेटचे आणि अल्कली-आयोडाइड-अझाइडचे द्रावण प्रत्येकी २ मिलिलिटर, पिपेटचे टोक पाण्याखाली ठेवून, सोडावे. बूच लावावे, आत बुडबुडा राहिलेला नाही हे पाहावे आणि बाटली पुन्हा पुन्हा उलटीपालटी करावी. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे. पांढरा आला तर जवळजवळ नाही, आणि त्या क्षणी कोणतेही टायट्रेशन न करताही पुष्कळ काही कळलेले असते. साका अर्ध्या बाटलीखाली बसला की २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालावे. हातमोजे आणि चष्मा इथे सक्तीचा. यानंतर बाटली अंधारात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत न्यावी. तिथे २०० मिलिलिटर मूळ पाण्याइतका भाग घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन केले, तर जितके मिलिलिटर लागतील तितकेच दर लिटरला मिलिग्रॅम प्राणवायू, इतके हे सोपे आहे.

वेळेचा मुद्दा इथेही सुटत नाही. दिवसा पाण्यातले शेवाळ आणि प्लवक प्राणवायू सोडतात, रात्री सगळेच तो वापरतात. म्हणून सर्वांत कमी आकडा सूर्योदयाच्या आधी येतो आणि सर्वांत जास्त दुपारी. सांडपाण्याने खतावलेल्या खाडीत दुपारी तृप्ततेपेक्षाही जास्त प्राणवायू सापडतो आणि नवखा माणूस पाणी उत्तम आहे असे लिहून मोकळा होतो. त्याच जागी पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेत असतात. वर्षातून किमान दोनदा, एकदा एप्रिल-मे मध्ये आणि एकदा पाऊस ओसरल्यावर, त्याच जागी पहाटे आणि दुपारी असे दोन्ही आकडे घ्यावेत.

सामूसाठी (पीएच) पट्ट्या किंवा खिशातला मीटर चालतो. मीटर दर वेळी ७ आणि १० सामूच्या बफर द्रावणांनी जुळवावा आणि त्याचे टोक साठवणीच्या द्रावणात ओले ठेवावे, साध्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे. पारदर्शकतेसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतुर्थांशांची थाळी दोरीने सोडावी; ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी लिहावी. अशा थाळीचा मूळ, पांढरा प्रकार १८६५ मध्ये सेक्की यांनी वापरात आणला. आज थाळी स्टीलच्या झाकणापासून घरी करता येते.

जिवाणू

विष्ठेतल्या जिवाणूंची मोजणी प्रयोगशाळेतच होते. गटाचे काम नमुना नीट पोहोचवण्याचे. निर्जंतुक बाटली शेवटच्या क्षणी उघडावी, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये, वर थोडी जागा सोडून भरावी, लगेच बर्फात ठेवावी आणि शक्यतो त्याच दिवशी द्यावी. २४ तासांनंतर तो नमुना फेकून दिलेला बरा. गावोगावी पिण्याच्या पाण्यासाठी वापरतात ती काळी पडणारी हायड्रोजन सल्फाइडची बाटली नदीच्या वरच्या भागात ढोबळ अंदाजाला चालेल, पण खाडीत वापरू नये. खाडीच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते आणि चिखलातले निराळेच जिवाणू त्यापासून तोच वायू तयार करून बाटली काळी करू शकतात.

पहिल्या पावसाचा नमुना चुकवू नये. आठ महिने गटारांत, रस्त्यांवर आणि पऱ्ह्यांत (ओढ्यांत) साचलेले सगळे जूनमधल्या पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत खाली येते, आणि वर्षातले सर्वांत वाईट आकडे बहुधा त्या आठवड्यात सापडतात. जुलैत तेच पाणी गढूळ पण पातळ झालेले असते. पूर असताना मात्र नदीकडे जाऊ नये. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये हे कोणाला सांगावे लागत नाही.

दगडाखाली आणि चिखलात

रसायने त्या क्षणाचे सांगतात, प्राणी मागच्या काही महिन्यांचे. वरच्या जागी काठालगतचे, हात पोहोचेल इतक्या उथळ पाण्यातले दगड हिवाळ्यात उलटून पाहावेत. तीन शेपट्यांच्या मेफ्लायच्या अळ्या, वाळूचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या दिसल्या तर प्राणवायू बराच काळ चांगला राहिलेला आहे. फक्त लाल, सुतासारख्या अळ्या वळवळत असतील तर उलट. त्यांच्या अंगातल्या हिमोग्लोबिनमुळे त्या कमी प्राणवायूतही तगतात.

खाडीत हेच काम तिसऱ्या, कालवे आणि मुळे हे शिंपल्यांतले जीव करतात. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या, टणक जागी अर्धा मीटर बाजूची चौकट टाकून तिच्या आतल्या जिवंत आणि मेलेल्या शिंपल्या वेगवेगळ्या मोजाव्यात आणि तीच जागा दरवर्षी मोजावी. तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना कोणत्या पट्ट्यातून काय नाहीसे झाले हे कोणत्याही अहवालापेक्षा आधी कळते. त्यांनी सांगितलेले तारखेसह लिहून ठेवावे.

मुखाबाहेर

समुद्रावर नवख्यांची एक हमखास चूक होते. पावसाळ्यात आणि त्यानंतर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर खोलातले, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकून उथळ भागात पसरते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळचा प्राणवायू फार खाली जाऊ शकतो. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर १९९७ पासून याच्या नोंदी घेत आहे. म्हणून त्या दोन महिन्यांतला तळाचा कमी आकडा पाहून लगेच कोणावर बोट ठेवू नये. तसेच, हिवाळ्यात रात्री लाटा निळ्या चमकतात त्या नॉक्टिलुका नावाच्या सूक्ष्मजीवामुळे. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाण्यावर लाकडाच्या भुशासारखा तवंग दिसतो तो बहुधा ट्रायकोडेस्मियमचा असतो, सांडपाण्याचा नव्हे. पावसाच्या सुरुवातीला पुळणीवर येणारे डांबराचे गोळे मात्र समुद्रातल्या तेलाचे असतात. गुहागरच्या किनाऱ्यावर १०० मीटरचा एकच पट्टा आखून तिथले गोळे आणि प्लास्टिक दर महिन्याला वेचून वजन करावे.

वही

प्रत्येक नोंदीत जागा, तारीख, तिथी, घड्याळाची वेळ, भरती-ओहोटीची अवस्था, गेल्या ४८ तासांतला पाऊस, पाण्याचा रंग व वास आणि मोजणाऱ्याचे नाव असावे. दर दहाव्या नमुन्याला त्याच जागी दुसरी बाटली भरून तीही तपासावी. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर नदीला नव्हे, स्वतःच्या हाताला तपासावे. चुकलेला आकडा खोडून टाकू नये, एक रेघ मारून शेजारी कारण लिहावे. शिसपेन्सिल वापरावी, कारण पेनची शाई पावसात वाहून जाते.

निकष आणि तक्रार

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात बाहेर स्नान करण्याजोग्या नदीत प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम आणि १०० मिलिलिटरमागे एकूण कोलिफॉर्म जिवाणू (घाणीची खूण देणारा जिवाणूंचा गट) ५०० पर्यंत असावेत. मासे आणि वन्यजीवांसाठी प्राणवायू किमान ४. समुद्रात स्नान आणि व्यापारी मासेमारीसाठी प्राणवायू ४ मिलिग्रॅम किंवा तृप्ततेच्या ५० टक्के आणि विष्ठेतले कोलिफॉर्म १०० पर्यंत. खाडीच्या खाऱ्या भागाला आम्ही समुद्राचा निकष लावतो आणि तसे नोंदीत लिहितो. भारतात बीओडी बहुधा २७ अंशांवर तीन दिवसांनी मोजतात, तर जुन्या आणि परदेशी अहवालांत तो २० अंशांवर पाच दिवसांचा असतो. तुलना करताना हे पाहून घ्यावे.

मासे मेलेले दिसले तर घाई करावी, पण क्रमाने. घटनेच्या वर, घटनेच्या जागी आणि खाली असे तीन नमुने, प्राणवायू आणि सामू लगेच, छायाचित्रांसह घ्यावेत. मोठे मासे आधी मेले असतील आणि उरलेले पहाटे पृष्ठभागावर तोंड उघडत असतील तर प्राणवायू संपल्याचा संशय घ्यावा. लहान मासे आधी, किंवा सर्व आकारांचे आणि जातींचे दिवसाढवळ्या एकदम मेले असतील तर विषाचा. कल्ले अजून लाल असलेले दोन-चार मासे बर्फात ठेवावेत.

आपला नमुना न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९७४ च्या कलम २१ नुसार सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, संबंधिताला सूचना देऊन, त्याच्या समक्ष दोन भाग करून आणि सीलबंद करून घ्यावा लागतो. आपल्या वहीचा उपयोग अधिकाऱ्याला योग्य जागी योग्य वेळी आणण्यासाठी आहे. म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला लिहिताना मोजलेले आकडे आणि त्याच जागेचे मागच्या वर्षीचे त्याच तिथीचे आकडे द्यावेत, आणि त्यासोबत त्या जागी पुढची ओहोटी किती वाजता संपते हेही लिहावे. नाहीतर अधिकारी येतो, भरतीच्या पाण्याची बाटली भरतो आणि अहवालात सर्व काही ठीक असल्याचे लिहिले जाते.